शेटजींच्या पेल्यातला बर्फ

विमान कंपनीचा मालक व्हायला विमानाची काडीचीही माहिती लागत नाही, हे ज्ञान मला आमच्या शेटजींनी दिलं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत लढाईतली जुनी डाकोटा विमानं भंगाराच्या भावात मिळत होती आणि पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा विमान कंपन्या उगवत होत्या. काल सरकी विकणारा आज आकाश विकायला बसला होता. आमचे शेटजी त्यांतलेच. त्यांच्या दिवाणखान्यात चांदीचं विमान होतं, रुमालाच्या कोपऱ्यावर विमान भरलेलं होतं, आणि मुंबईहून दिल्लीला ते स्वतः मात्र आगगाडीनं जात. कुणी विचारलं तर म्हणत, गाडीत झोप चांगली लागते.

मी त्यांच्याकडे पायलट होतो. अलिबागच्या उत्तरेला समुद्राला लागून आमची कोळ्यांची वाडी. बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा कप्तान. आजाही तांडेल. मी मॅट्रिक झालो, लढाईच्या दिवसांत हवाई दलात शिरलो आणि आमच्या घरातला पहिला न भिजणारा तांडेल झालो. वाडीवरून विमान गेलं की, मग ते कुणाचं का असेना, बायका वाळत घातलेले बोंबील सोडून वर बघत आणि म्हणत, आपला पोर चालला. ते ऐकून मी इतका फुगलो होतो की पुढे जे झालं त्याला शेटजींइतकाच मीही जबाबदार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या कंपनीचा एक मार्ग दिल्लीहून काश्मीरला जायचा. उन्हाळ्यात स्वर्ग. हिवाळ्यात मात्र डोंगरावरच्या ढगांत विमानाच्या पंखांवर बर्फ धरतो. तो दिसायला सुंदर असतो, पण पंखाचा आकारच बिघडवून टाकतो, आणि आकार बिघडलेला पंख विमान उचलून धरत नाही. यावर उपाय म्हणून पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात. त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि वरचा बर्फ फोडून टाकतात. आमच्या विमानांवरचे पट्टे मुंबईच्या उन्हानं चिरले होते. मॅनेजरनं ते काढून टाकले. नवे परदेशातून मागवायचे तर कटकट, आणि पट्टे नसले की विमान हलकं होतं, तेवढंच सामान जास्त भरता येतं. मॅनेजर हा माणूस शेटजींना शिंक आली तर स्वतः नाक पुसणारा. त्यानं हा आपला फार मोठा शोध म्हणून शेटजींच्या कानावर घातला होता.

आदल्या हिवाळ्यात मला त्या शोधाचा प्रसाद मिळाला. विमानात एकवीस माणसं होती, त्यात एक तान्हं पोर. खिंडीच्या अलीकडे ढगात शिरलो आणि पाचेक मिनिटांत समोरची काच पांढरी झाली. इंजिनांच्या पंख्यांवरून सुटलेले बर्फाचे गोळे विमानाच्या अंगावर धाडधाड आदळायला लागले. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात होती, तरी विमान खालीच बसत चाललं होतं. मी कसंबसं वळवलं आणि दरीच्या तोंडाशी येऊन खालच्या उबदार हवेत आणलं. तिथं बर्फ पंखांवरून पत्र्यासारखा घसरून पडला. तोवर तान्ह्या पोराचं रडणं थांबलं होतं आणि त्याच्या आईचं सुरू झालं होतं.

दिल्लीला उतरलो तेव्हा कडक ऊन. मॅनेजर पंखाखाली गेला, बोटानं पत्रा चाचपला आणि म्हणाला, "कुठं आहे बर्फ? विमान तर ठणठणीत कोरडं आहे." आता दिल्लीच्या उन्हात मी त्याला बर्फ कुठून दाखवू? त्यानं अहवालात लिहिलं, पायलटला भास झाला.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि हिवाळ्याच्या आधी कंपनीनं एक कागद काढला. पट्ट्यांवाचून विमान उडवायला आमची हरकत नाही आणि बर्फाच्या शंकेवरून आम्ही परत फिरणार नाही, असं पायलटांनी लिहून द्यायचं. त्या मार्गावर आम्ही तिघंच होतो. थोरले कॅप्टन माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. दुसरा माझ्याच वयाचा, नुकतंच लग्न झालेला. थोरल्या कॅप्टननी कागद वाचला, घडी करून मॅनेजरला परत दिला आणि म्हणाले, "पट्टे बसवा, मग बोलू." आम्ही दोघं त्यांच्या मागं. तिघांपैकी एकानं जरी सही केली तरी विमान सुटणार होतं आणि बाकीच्या दोघांवर भित्रे म्हणून शिक्का बसणार होता. हे शेटजींना नीट कळत होतं. विमान कळत नसेल, पण माणसं फोडायची कशी हे त्यांना बाजारानं शिकवलं होतं.

त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांचा बंगला अलिबागच्या किनाऱ्यावर, आमच्या वाडीपासून पायी अर्ध्या तासावर. नारळी-पोफळीची बाग, समोर समुद्र, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. आम्ही तिघं सकाळच्या लाँचनं रेवसच्या धक्क्याला आणि तिथून टांग्यानं तिथं पोचलो. शेटजींना लाँच चालत नसे. कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बसावं लागतं म्हणे. त्यामुळे ते येताना-जाताना मुंबईहून थेट मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, करत. आणि तो मचवा असायचा माझ्या बापाचा.

हे शेटजींना ठाऊक नव्हतं. तांडेलाला नाव असतं, घर असतं, पोर असतं, असल्या चौकशा ते करत नसत. दुपारी जेवणाआधी बाबा सामान न्यायला आले आणि पायरीखाली उभे राहिले. मी वर खुर्चीत, पायात बूट. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मी उठून म्हणायला हवं होतं, हे माझे वडील. मी पेल्यातलं सरबत प्यायलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सरबतात बर्फ होता. मुंबईहून भुशात घालून, गोणपाटात बांधून बाबाच त्याची लादी आणत. अर्धी वाटेत पाझरून जाई. शेटजींनी पेला उचलला, आतले खडे खुळखुळवले आणि आम्हाला दाखवले. "हा बर्फ. ह्याला घाबरता तुम्ही? आम्ही तर पितो."

मॅनेजर पोट धरून हसला. थोरले कॅप्टन पापलेटाचा काटा काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. शेटजींनी ओळखलं की इथं डाळ शिजत नाही. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ह्या दोघांचं मी समजू शकतो," ते म्हणाले, "ही जमिनीवरची माणसं. पण तुम्ही तर इथले कोळी. दर्याचं लेकरू. तुमचे वाडवडील फळकुटावर बसून तुफानात जात होते आणि तुम्ही चिमूटभर बर्फाला भिता? छे, मला पटत नाही. तुम्हाला ह्यांनी भरवलंय."

चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर, शेंड्यापर्यंत. तुफानात जातो तो कोळी, हे वाक्य फक्त कोरड्या जमिनीवरचा माणूस बोलू शकतो. तुफानात जाणारे कोळी आमच्या वाडीत कुणाला आठवत नाहीत, कारण ते परत आले नाहीत. ज्यांना आम्ही आजा-पणजा म्हणतो ते तुफान बघून घरी बसलेले. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पण 'दर्याचं लेकरू' म्हटल्यावर छाती अशी काही फुगली की अक्कल बाहेर पडली. मॅनेजरनं पेन पुढं केलं. मी सही केली. थोरल्या कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं आणि पानावरचा भात संपवला. दुसऱ्यानं तोंड फिरवलं. बायकोला आता काय सांगू, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मॅनेजरनं कागद चामडी पिशवीत टाकला. शेटजी प्रसन्न होऊन उठले. त्यांना संध्याकाळी मुंबईत कुठल्याशा मोठ्या माणसांच्या मेजवानीला पोचायचं होतं. आम्हालाही मचव्यातूनच नेतो म्हणाले. केवढी ही कृपा. आम्ही सगळे वाळूतून किनाऱ्यावर गेलो.

मचवा पाण्यात नांगरलेला होता. आभाळ निळंशार, एक ढग नाही. वारा दक्षिणेचा, मुंबईला जायला हवा तसा, शिडात मावणारा. बाबा पाण्याच्या कडेला उभे राहून दूर खडकाकडे बघत होते. आम्ही जवळ गेल्यावर म्हणाले, "शेट, आज न्हाय जायचं."

"का?"

"कार्तिकात दखनेचा वारा बरा न्हाय. आनि लाट बगा. वारा हितं एवढासा आनि लाट तवढी मोठी. कुठंतरी लांब काय तरी झालंय, त्याचीच ती येतेय."

शेटजींनी वर बघितलं, समोर बघितलं. "अरे, आभाळ तर स्वच्छ आहे."

"व्हय, आभाळ स्वच्छ हाय," बाबा म्हणाले. "आपल्याला जायचंय पान्यातनं."

मग शेटजींनी सगळे उपाय केले. भाडं वाढवून देतो म्हणाले. दुसरा तांडेल बघतो म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुम्ही कोळी ना? एवढ्याला भिता?" म्हणजे ते माझ्यासाठी खास शिजवलेलं वाक्य नव्हतंच. एकच शिळं गरम करून दोघांना वाढलं होतं. माझे कान तापले. बाबांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ते गुडघाभर पाण्यात गेले, मचव्यावर चढले आणि सुकाणूचा दांडा काढून घेऊन आले.

आमच्या वाडीत एक रीत आहे. होडी कुणाच्याही मालकीची असो, पैसा कुणाचाही असो, नांगर उचलायचा की नाही हे तांडेल ठरवणार. कुणी फारच हुज्जत घातली तर तांडेल भांडत नाही. तो सुकाणूचा दांडा काढतो आणि हुज्जत घालणाऱ्याच्या पुढं धरतो. दांडा हातात घेतलास तर आता तू तांडेल. होडी तुझ्या जिम्म्याला, माणसं तुझ्या जिम्म्याला, आणि कोण परत नाही आलं तर त्याच्या बायकोला जाऊन तू सांगायचं. हात मागं घेतलास तर गप घरी जायचं. माझ्या उभ्या आयुष्यात दांडा हातात घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही.

बाबांनी तो ओला दांडा शेटजींच्या पुढं धरला आणि रीत सांगितली. आवाज चढवला नाही. शेटजींनी दांड्याकडे पाहिलं, लाटेकडे पाहिलं. रेशमी कोटाच्या खिशातून विमानवाला रुमाल काढून मान पुसली. दोन्ही हात पाठीमागं गेले.

"नाही, तांडेल म्हणतो तर... त्याचं काम त्यालाच कळणार," ते मॅनेजरला म्हणाले. मॅनेजर लगेच म्हणाला, "अगदी बरोबर, शेटजी." आणि दोघं बंगल्याकडे चालू लागले. मेजवानी बुडाली. एका अंगठेबहाद्दर माणसाच्या 'न्हाय'वर आमचे शेटजी निमूटपणे वळले, कारण होडीत बसणार होते ते स्वतः.

मी मागं राहिलो. बाबांनी दांडा वाळूत टेकवला आणि विचारलं, "पायरीखालनं बगितला मी, त्या पिशवीतला कागद कसला? तुज्यासंगं आलेले ते दोन सायब वाटेनं तुज्याशी एक सबूद बोलले न्हाईत."

मी सांगितलं. पट्टे, बर्फ, आदल्या वर्षीचं पोर, सही, सगळं. सांगता सांगताच मला माझी लाज वाटायला लागली. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"विमानाचा दांडा कुनाच्या हातात असतो?"

"माझ्याच."

"आनि जायचं का न्हाय, ते शेट सांगनार?"

मी बुटाच्या टोकानं वाळू उकरायला लागलो.

"दांडा तुज्या हातात आनि सबूद त्याचा. असला तांडेल आपल्या घरात न्हवता रं झाला." एवढं बोलून ते दांडा खांद्यावर टाकून वाडीकडे गेले. सकाळपासून मी त्यांना ओळख दिली नव्हती, त्याबद्दल एक अक्षर नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सोनारानंच कान टोचावे लागतात. मी बंगल्यावर आलो तेव्हा शेटजी पुन्हा वेताच्या खुर्चीत बसून नव्यानं सरबत पीत होते. मी कागद परत मागितला.

"सही ती सही," शेटजी म्हणाले.

"ठीक. मग तिच्याखाली एक ओळ वाढवा. पट्ट्यांवाचून जे पहिलं विमान खिंडीवरून जाईल त्यात मालक पायलटच्या मागच्या खुर्चीत बसतील, आणि परत फिरायचं की नाही ते तेच सांगतील. तिथं दांडा काढून देता येत नाही, म्हणून खुर्ची देतो."

"मी?" शेटजींनी पेला खाली ठेवला. "माझं तिकडे काय काम?"

"माझ्या पाठीमागं एकवीस माणसं असतात," मी म्हणालो. "त्यांचंही ढगात काही काम नसतं."

जेवल्यापासून थोरले कॅप्टन पहिल्यांदाच हसले. खिशातून स्वतःचं पेन काढून त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिलं की पट्टे बसेपर्यंत आम्ही हिवाळ्यात त्या ढगात जाणार नाही, आणि कुणाला न्यायचंच असेल तर मालकांनी आधी त्या खुर्चीत बसावं. खाली सही केली. दुसऱ्यानं केली. मग पेन माझ्याकडे आलं. दुपारची सही मी ऐटीत केली होती. ही करताना ऐट कुठल्या कुठे गेली होती, कारण नोकरी गेली तर वाडीतल्या बायकांना वर बघून काय वाटेल ही काळजी माझ्यासारख्या फुगलेल्या माणसाला सुटत नव्हती.

"तुमच्या जागेवर यायला पोरं रांगेत उभी आहेत," मॅनेजर म्हणाला.

"त्यांनाही खुर्चीचं सांगू," थोरले कॅप्टन म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. आम्हाला महिनाभर घरी बसवलं. रांगेतल्या पोरांना थोरल्या कॅप्टननी खरोखरच खुर्चीचं सांगितलं आणि रांग हळूहळू विरली. मग एक दिवस परदेशातून खोकी आली आणि पट्टे बसले. मॅनेजरनं लगेच पत्रक काढलं की प्रवाशांच्या जिवाची काळजी हेच आमच्या शेटजींचं पहिलं व्रत आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ते पत्रक मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. हसायला काहीतरी लागतंच.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. आदल्या संध्याकाळी वारा थोडा वाढला, बागेत दोन झावळ्या पडल्या, लाटा खडकावर जरा जोरात फुटल्या, आणि बस. तुफान वगैरे काही आलं नाही. पहाटे वारा उलटला, जमिनीकडून येणारा मतलई सुटला आणि बाबा म्हणाले, चला.

मचव्यात बसता बसता शेटजींना कंठ फुटला. "काय तांडेल, काल काही झालं नाही की. उगाच आमची मेजवानी बुडवलीस."

बाबा दांडा बसवत होते. "न्हाय झालं," ते म्हणाले. "गेलो असतो आनि झालं असतं, तर हे बोलायला तुमी नसता." शेटजींना ते फारसं आवडलं नाही. मला दिल्लीच्या उन्हात पंख चाचपणारा मॅनेजर आठवला. तो आत्ता पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला होता आणि आधीच हिरवा पडला होता.

थळ गाव मागं पडलं तसा किनाऱ्याचा आडोसा सुटला. कालची लाट अजून थोडी शिल्लक होती. मचवा वर जायचा, खाली बसायचा. शेटजींनी फळी घट्ट धरली. "तांडेल, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय."

थोड्या वेळानं पुन्हा, "तांडेल, ठीक ना?"

"व्हय, शेट."

खांदेरी बेटासमोर एक मोठी लाट कुशीवर आली, पाणी आत उडालं, मॅनेजरची पिशवी भिजली. शेटजींचा चेहरा पांढराफटक. त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. बाबांची नजर शिडावर होती. ती तशीच ठेवून ते म्हणाले, "माज्यावर इस्वास न्हाय, तर त्याला इचारा. माजाच पोर हाय तो. त्यो बी तांडेलच."

शेटजींनी वळून आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी दोघांचे चेहरे शेजारी शेजारी पाहिले. भिजलेल्या पिशवीत माझी पहिली सही होती, शेटजींच्या खिशात दुसरी. तीन वर्षं मी त्यांची विमानं उडवत होतो, त्यांचे प्रवासी डोंगरावरून नेत होतो.

"काय हो," ते मला म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?"

तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता.